वसुधाचे हात

लिफ्टचं दार शकुनने एका हाताने धरून ठेवलं होतं, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या चौधुरीबाई भाजीच्या पिशव्या सांभाळत फाटकातून येताना तिला दिसल्या होत्या. त्या घाईघाईने आल्या, दाराशी पोचल्या, आत कोण आहे ते त्यांनी पाहिलं आणि तिथेच थबकल्या. "तुम्ही जा, तुम्ही जा," त्या हिंदीत म्हणाल्या, "मी जिन्यानेच येते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हा शकुनच त्यांना रोज भाताची पेज नेऊन द्यायची. दुपारचं ऊन बालीगंजच्या त्या गल्लीत भिंतींवरून ओघळत होतं. बाईंच्या ओठांवर घाम होता, पिशवीतून लाल माठाची पानं बाहेर लोंबत होती, आणि त्या हसतही होत्या. पण हसण्याच्या आधी, अगदी निमिषभर, त्यांच्या डोळ्यांत जे येऊन गेलं ते शकुनने पाहिलं होतं. तो राग नव्हता. तिटकारा असता तरी तिला चाललं असतं. माणसाला लपवायला सवड मिळण्याआधीच चेहऱ्यावर उमटते ती खरी भीती होती ती. दार बंद झालं. लिफ्ट कुरकुरत वर निघाली आणि शकुन खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. कारण समोरच्या पत्र्याच्या भिंतीत तिचा चेहरा पुसट दिसत होता, आणि तो एकटीने बघायची तिची तयारी नव्हती.

चेहऱ्याचं हे गेल्या महिन्यापासूनचं होतं. त्याआधी तो चेहरा तसा कुणाच्या ध्यानातही राहत नसे. जयप्रकाशची सरकारी कंपनीतली बदली होऊन ती दोघं कोलकात्याला आली तेव्हा आभा शाळेत जायची. आता ती न्यू टाउनमध्ये एका कंपनीत कामाला होती, तिकडेच मैत्रिणींबरोबर राहत होती आणि मराठी बोलताना मध्येच बंगाली क्रियापद घुसवत होती. एवढी वर्षं या शहरात काढूनही शकुन भाजीवाल्याची 'बौदी', म्हणजे वहिनी, होती, बँकेत 'वो महाराष्ट्रियन मॅडम' होती, आणि त्यापलीकडे कुणी नव्हती. याचं तिला फार वाईट वाटत असे असंही नाही. पाहुण्यासारखं राहायचं, आवाज खाली ठेवायचा, हे अंगवळणी पडलं होतं. मग इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने एका एकांकिकेत विधवा आत्याचं काम केलं आणि प्रेक्षकांत बसलेला एक पातळ दाढीचा माणूस नंतर तिला भेटायला आला. तो सौमिक. बंगाली सिनेमे करायचा.

"आमच्या सगळ्या रहस्यपटांत काय असतं सांगू?" तो तिच्याच दिवाणखान्यात बसून, चहा गार होऊ देत, उत्साहाने बोलत होता. "गुप्तहेर बंगाली, मेलेला बंगाली, मारणारा बंगाली, इन्स्पेक्टरसुद्धा बंगाली. जणू या शहरात दुसरं कुणी राहतच नाही. मला सगळं शहर हवंय, शकुनदी. टांग्रातला चिनी दंतवैद्य, बो बॅरॅक्समधली म्हातारी अँग्लो-इंडियन मास्तरीण, मेटियाब्रुजचा शिंपी. आणि तुम्ही. हे शहर तुमचंही आहे की नाही?" शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं होतं, पण शकुनला त्या रात्री झोप लागली नाही. हे शहर तुमचंही आहे, असं तिला इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. जयप्रकाश म्हणाला, "कर की. तेवढाच विरंगुळा." आणि ती हो म्हणाली.

बागबाजारमधल्या एका जुन्या घरात शूटिंग होतं. सिनेमात त्या घराची मालकीण एक श्रीमंत, अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती आणि तिचं सगळं बघणारी बाई म्हणजे वसुधा, मराठी. म्हातारीचा खून होतो. संशय सगळ्यांवर येतो, तसा थोडा वसुधावरही येतो आणि मग फिटतो. खुनी निघतो जावई. सौमिकने तिला हे असंच सांगितलं होतं आणि वाचायला दिलेल्या संहितेतही असंच होतं. पहिल्या दिवशी कपड्यांचं बघणाऱ्या मुलीने तिच्यापुढे नऊवारी, हिरव्या काचेच्या बांगड्या आणि मोत्यांची नथ ठेवली. "अगं, स्वयंपाक करताना नथ कोण घालतं?" शकुन हसून म्हणाली. "आणि नऊवारी माझ्या आईनेसुद्धा रोज नेसली नाही." मुलगी गोड होती. ती म्हणाली, "पण मग तुम्ही मराठी आहात हे लोकांना कळणार कसं, दीदी?"  शकुनने नथ घातली. कामही फारसं नव्हतं. सौमिक म्हणायचा, अभिनय करू नका, फक्त बघा. खिडकीकडे बघा. दाराकडे बघा. आता त्या दिव्याकडे, अजून, अजून थोडा वेळ, पापणी हलवू नका. एकदा चुलीवर खरंच दूध ठेवलं होतं, कॅमेरा चालू होता, आणि दूध वर यायला लागलेलं बघून ती आपसूक म्हणाली, "उतू जाईल हं, उतू जाईल, कुणीतरी जाळ बारीक करा." "वा!" सौमिक ओरडला. "तुमच्याच भाषेत! हे ठेवू या."

ते त्याने ठेवलं. सिनेमा लागला त्या संध्याकाळी जयप्रकाश, आभा आणि ती, तिघं नटूनथटून गेली. शेजारच्या मधुश्रीलाही तिने पास दिला होता, चौधुरीबाईंनाही. अर्ध्यापर्यंत सगळं ओळखीचं होतं. मग पडद्यावर काळोखी स्वयंपाकघर आलं, खालून कसलातरी घुमणारा आवाज आला, आणि चुलीपुढे नथ घातलेली एक बाई पाठमोरी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. खाली भाषांतराची ओळ नव्हती. उतू जाईल हं, उतू जाईल. सगळं चित्रपटगृह चिडीचूप झालं. शकुनच्या मागे कुणीतरी श्वास आत ओढला. तिला हसू यायला हवं होतं. इथे बसलेल्या एवढ्या माणसांत त्या मंत्राचा अर्थ फक्त आपल्या तिघांना माहीत आहे, हे जयप्रकाशच्या कानात सांगावं असं तिला वाटलं, पण तिचा हात त्याच्या हातापर्यंत पोचला नाही. कारण पडद्यावरची बाई वळली. आणि तिचे डोळे, जे शकुनच्या आठवणीप्रमाणे एका दिव्याकडे बघत होते, ते म्हातारीच्या पलंगाकडे बघत होते, अजून, अजून थोडा वेळ, पापणी न हलवता. मग हात दिसले. हिरव्या बांगड्यांचे दोन हात पेल्यात पूड टाकत होते, चमच्याने ढवळत होते, अगदी सावकाश, मन लावून. ते हात शकुनचे नव्हते. तिच्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग होता, या हातांवर नव्हता. या हातांची बोटं लांब होती, तरुण होती. तिने असला प्रसंग कधी केलाच नव्हता. तरीही चेहरा तिचा होता आणि हात त्या चेहऱ्याचे होते, आणि त्या हातांनी म्हातारीच्या ओठांना पेला लावला तेव्हा आपल्या घशातून काहीतरी खाली उतरल्यासारखं शकुनला झालं.

शेवटी पडद्यावरच्या गुप्तहेराने सगळ्यांना जमवून उलगडा केला. एके काळी या बागबाजारात खंदक खणला होता, तो म्हणाला, मराठ्यांना शहराबाहेर ठेवायला. ही मात्र स्वयंपाकघराच्या दाराने आत आली. टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. पूर्वी बंगाल लुटायला आलेल्या मराठा घोडेस्वारांना इकडे बर्गी म्हणतात आणि त्यांचं नाव घेऊन अजूनही पोरांना घाबरवून झोपवतात, हे शकुनला ठाऊक होतं. तिच्याशी त्यावरून थट्टाही होत असे. पण अंधारात एवढ्या माणसांच्या टाळ्या आपल्या विरोधात वाजताना तिने कधी ऐकल्या नव्हत्या. दिवे लागले. ओळीतली माणसं उठली, तिच्याकडे वळून बघायला लागली, आणि प्रत्येक चेहऱ्यावर आधी ते निमिषभराचं काहीतरी, मग हसू.

दुसऱ्या दिवशी तिने सौमिकला फोन केला. तो खुशीत होता. "शकुनदी, सांगणारच होतो. आधी काही लोकांना दाखवून बघितला ना, तर जावई आहे हे सगळ्यांनी अर्ध्यातच ओळखलं. तुम्हाला कुणीच ओळखलं नाही! तुमच्यावर संशयच येत नाही कुणाला. मग वाटलं, हेच तर हवंय."

"पण मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "ते हात कुणाचे आहेत?"

"हात?" तो हसला. "तुम्ही कुठे बघत बसलात! अहो, तुमची भूमिका सगळ्यांत मोठी झाली. तुमच्या लोकांना आमच्या सिनेमात एरवी एक वाक्य तरी मिळतं का? पेपरात लिहिलंय वाचलंत? शहरातल्या सगळ्या समाजांना जागा देणारा रहस्यपट."

तिच्याजवळ बोलण्यासारखं बरंच होतं, पण बंगालीत ते सगळं जुळेना, आणि हिंदीत बोललं तर भांडल्यासारखं होईल असं वाटलं. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. जयप्रकाशने शांतपणे समजूत घातली. लोक घाबरले याचा अर्थ काम चांगलं झालं. चार दिवसांत दुसरा सिनेमा येईल, विसरतील. आभाचा फोन आला तेव्हा ती किंचाळतच होती. "आई, तू काय भारी दिसली आहेस! माझ्या ऑफिसात सगळे म्हणतात, तुझी मां तर डेंजरस आहे रे! तुझा तो दुधवाला सीन सगळे एकमेकांना पाठवून राहिले." शकुनने विचारलं, "तुला बघताना कसं वाटलं गं?"  "मस्त वाटलं ना," आभा म्हणाली. "म्हणजे, एक सेकंद मला पण भीती वाटली. पण मस्त."

सगळ्यांत अवघड होतं ते शेजारचं दार. पलीकडच्या घरात मधुश्री सेनगुप्त आणि तिची सासू अशा दोघी राहत. मधुश्रीचा नवरा दुर्गापूरला नोकरीला होता आणि शनिवारी यायचा, ती स्वतः शाळेत शिकवायची. सासूबाईंना काचबिंदूने जवळजवळ दिसत नव्हतं. शकुन त्यांना मासिमा, म्हणजे मावशी, म्हणे. मधुश्री शाळेत गेली की दुपारी शकुन तिकडे जायची. त्या घराची एक किल्ली शकुनच्या दारामागे खिळ्याला असायची. ती गोळ्या काढून द्यायची, पाणी द्यायची, अडखळत बंगाली वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि मासिमा तिचे उच्चार सुधारत हसायच्या. कुलपाचा आवाज आला की आतून हाक यायची, "आली गं माझी बर्गी!" तो शब्द त्यांच्या तोंडी इतका लाडाचा होता की शकुनला तो टोपणनावासारखा आवडायला लागला होता. सिनेमानंतरच्या सोमवारी दुपारी ती गेली तर दार एका अनोळखी बाईने उघडलं. आया ठेवली होती. संध्याकाळी मधुश्री स्वतः आली, दारातच उभी राहिली. "तुम्हाला किती त्रास द्यायचा, शकुनदी? तुम्ही आता बिझी होणार." "मी कसली बिझी," शकुन म्हणाली आणि किल्ली काढायला वळली. तेव्हा मधुश्री जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "छे छे, किल्ली राहू दे तुमच्याकडे! असं काय करता?" किल्ली खिळ्यालाच राहिली. पण दोघींनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं होतं.

मग शकुनला स्वतःचीच भीती वाटायला लागली. ती कशी सुरू झाली हे तिला सांगता आलं नसतं. दूध तापवताना ती तिथून निघून जायची आणि ते खरंच उतू जायचं. बाजारात जयप्रकाशशी मराठीत बोलताना आवाज आपोआप उतरायचा, आणि उतरलेल्या आवाजात मराठी पुटपुटल्यासारखी ऐकू येते असं तिच्या ध्यानात यायचं. मग ती गप्पच राहायची. कुणाकडे बघताना किती वेळ बघायचं हे ठरवावं लागायचं. फार वेळ बघितलं तर वसुधा, पटकन नजर काढली तर चोर. आरशापुढे केस विंचरताना तिला वाटे, सौमिकने काहीतरी पाहिलंच असेल. गणपतीच्या नाटकात त्या एवढ्या बायकांतून त्याने मलाच का निवडलं? दिव्याकडे बघणाऱ्या बाईच्या डोळ्यांत खून नसेल तर एवढ्या माणसांना तो दिसला कसा? लहानपणी नगरला त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्स राहायची. ती जादूटोणा करते असं मुलं म्हणायची आणि तिच्या अंगणात पडलेला चेंडू कुणी आणायला जात नसे. एकदा त्या नर्सने शकुनला हाक मारून पेरू दिला होता. शकुनने तो हातात घेतला, हसून थँक्यू म्हटलं आणि कोपऱ्यावर जाऊन गटारात टाकला. वळून पाहिलं तर नर्स खिडकीत उभी होती. तिने तेव्हा काय पाहिलं असेल याचा शकुनने इतक्या वर्षांत कधी विचार केला नव्हता. आता तो विचार दिवसातून कितीदा तरी यायचा, आणि प्रत्येक वेळी खिडकीतली बाई ती स्वतःच असायची.

एके दिवशी दुपारी ती वाटाणे सोलत बसली होती. पलीकडच्या भिंतीआड काहीतरी धप्पकन पडलं. आधी तिला वाटलं पाट पडला असेल. मग कण्हण्याचा आवाज आला, आणि मासिमांचा आवाज, बारीक, सुनेला हाक मारणारा, "ओ बौमा... बौमा..." मधुश्री शाळेत होती. शकुनने आयाच्या हालचालीची वाट पाहिली. चपलांचा आवाज नाही, काही नाही. ती उठली, तिच्या मांडीवरचे वाटाणे घरभर गडगडले, आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन ती बाहेर आली. किल्ली कुलपात गेली. फिरवायची राहिली.

फक्त फिरवायची राहिली होती. पण तिच्या पाठीला काहीतरी जाणवलं. शूटिंगच्या वेळी मागे कॅमेरा असला की मानेला जशी एक गार नजर टेकायची, तशी. वळून बघितलं तर रिकामा जिना आणि बंद लिफ्ट. ती पुन्हा दाराकडे वळली आणि आतलं सगळं तिला दिसायला लागलं. फरशीवर पडलेली म्हातारी, कदाचित डोक्यातून रक्त, कदाचित आत्ताच, या क्षणी, शेवटचा श्वास. आणि तिच्यावर वाकलेली आपण. घरात दुसरं कुणी नाही. किल्ली आपल्या हातात. मधुश्री दारात येते. चौधुरीबाई येतात, जिन्याने. पोलीस विचारतात, तुम्ही आत कशा आलात? आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

"के?" आतून आवाज आला. किल्लीची खडखड मासिमांनी ऐकली होती. "के ओखाने? शकुन?" कोण आहे तिकडे?

  शकुनचा हात त्या किल्लीवर तसाच होता, आणि त्या हाताकडे बघताना तिला तो ओळखू येईना. "शकुन," मासिमा म्हणाल्या, या वेळी प्रश्न नव्हता त्यात. "एसो ना रे." ये ना गं. शकुनने किल्ली कुलपातून काढली. हळूच काढली, आवाज होऊ नये म्हणून. कुणालातरी बरोबर घेऊ या, तिने स्वतःला सांगितलं. एक माणूस बरोबर असला की झालं, खालचा दरवान चालेल. तिने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट खाली कुठेतरी अडकली होती. जिन्याने गेली असती तर चालली असती, पण ती लिफ्टच्या दाराकडे बघत उभी राहिली, बघत राहिली, आणि मागे तो बारीक आवाज मधून मधून येत राहिला आणि मग यायचा थांबला. किती वेळ गेला हे तिला कधीच कळलं नाही. लिफ्ट आली ती खालून, आणि तिच्यातून मोबाइलवर बोलत आया बाहेर आली.

"आत काहीतरी पडलं," शकुन म्हणाली. "आत्ता. आत्ताच आवाज आला."

पुढचं सगळं भराभर झालं. मासिमा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या, कपाळ फुटलं होतं, पाय विचित्र वळला होता, आणि त्या बेशुद्ध होत्या. शकुननेच गाडी बोलावली, शकुननेच डोकं मांडीवर घेतलं, शकुनच इस्पितळात सह्या करत फिरली. मधुश्री धावत आली तेव्हा डॉक्टर विचारत होते, किती वेळ पडून होत्या? आया शकुनकडे बघायला लागली, मधुश्री शकुनकडे बघायला लागली. "लगेच," शकुन म्हणाली. "पडल्या पडल्याच आवाज ऐकला मी." डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. खुबा मोडला होता, रक्त बरंच गेलं होतं, वय लक्षात घेता काही सांगता येत नव्हतं.

आणि मग इमारतीत सगळं बदललं. आयाने फाटकापासून गच्चीपर्यंत सांगितलं होतं की दीदींनी आवाज ऐकला म्हणून आजी वाचली. चौधुरीबाई वाटीभर पायेश, तांदळाची खीर, घेऊन वर आल्या, लिफ्टने आल्या, आणि शकुनचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "आम्ही काय मूर्खासारखं करत होतो, हो. सिनेमा तो सिनेमा." जयप्रकाश म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" शकुनने पायेश खाल्ला. तो गोड होता. ज्या दिवसांत तिने काहीही केलं नव्हतं त्या दिवसांत तिला सगळे खुनी समजत होते. आता तिने दाराबाहेर उभं राहून एका म्हातारीचा आवाज बंद पडू दिला होता, आणि सगळे तिचे हात धरत होते. रात्री तिला स्वप्न पडलं नाही. तिला झोपच आली नाही. भिंतीपलीकडे कुणी नव्हतं, तरी ती कान देऊन पडून होती.

ऑपरेशननंतर मासिमा शुद्धीवर आल्या. भेटायच्या वेळी मधुश्री तिला म्हणाली, "तुम्ही आधी जा, तुमचंच नाव काढतायत." खोलीत औषधांचा आणि उकडलेल्या भाताचा वास होता. मासिमांचं डोकं पांढऱ्या पट्टीत एवढंसं दिसत होतं. शकुन पलंगाशी जाऊन काही न बोलता उभी राहिली, आणि मासिमांनी न बघणारे डोळे तिच्याकडे वळवले.

"आलीस?"

"हो, मासिमा."

"मला वाटलं रागावलीस माझ्यावर." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "बौमा म्हणाली, तू सिनेमात मोठी झालीस, तुला वेळ नसतो. मग त्या दिवशी किल्ली वाजली. मी म्हटलं, आली. तू आली नाहीस."

शकुनने पलंगाची कड घट्ट धरली.

"दाराशी कुणी होतं का तुझ्याबरोबर? कुणी अडवलं तुला?"

"नाही. कुणी नव्हतं."

 बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. "मी बौमाला काही सांगितलं नाही," मासिमा म्हणाल्या. "म्हटलं, मला काही आठवत नाही. म्हातारीला आठवत नाही म्हटलं की लोक लगेच मानतात." आणि त्यांनी चादरीवरून हात सरकवत शकुनचा हात शोधला, बोटांनी चाचपला, अंगठ्याजवळचा डाग सापडला तिथे थांबल्या.  थोड्या वेळाने त्यांना झोप लागली, हात तसाच राहिला, आणि शकुनला तो सोडवून घ्यायला फार जपावं लागलं.

बाहेर मधुश्री कागदी कपांत चहा घेऊन बाकावर बसली होती. तिने एक कप पुढे केला. शाळेतून तशीच आलेली, साडीच्या निऱ्यांवर खडूची पांढरी बोटं उमटलेली. "शकुनदी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, "मला तुमची माफी मागायचीय. आया मी का ठेवली ते तुम्हाला कळलं असेल. मला स्वतःची लाज वाटते. त्या रात्री सिनेमा बघून आल्यावर मला झोपच येईना. माहीत होतं सगळं खोटं आहे, तरी तुम्ही आईंना गोळ्या देताय असं दिसायचं. आणि तुम्हीच..."

 शकुनने कप हातात घेतला. आता गप्प राहिलं की झालं. मासिमा सांगणार नव्हत्या, आयाला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनी लिहून घेतलं होतं. मासिमा घरी आल्या की दुपारी पुन्हा शेजारी जायचं, वर्तमानपत्र वाचायचं. सगळं पूर्वीसारखं. तिला एकदम भीती वाटली. सिनेमात आपल्याला पाहिलं तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

"मी लगेच नाही गेले आत," ती म्हणाली. बंगालीत, शब्द शोधत शोधत, पण चुकू न देता. "त्यांनी मला हाक मारली. नावाने. मी किल्ली लावली होती. ती काढून घेतली आणि बाहेर उभी राहिले. खूप वेळ. त्यांचा आवाज थांबला तरी."

मधुश्रीने डोळे पुसता पुसता हात तसाच गालावर धरला. तिला कळायला वेळ लागत होता, आणि कळताना तिचा चेहरा कसा बदलतो आहे हे शकुन बघत होती. या वेळी तिने नजर काढली नाही.

"का?" मधुश्रीने विचारलं. "का पण?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची," शकुन म्हणाली. "तुमच्या सगळ्यांची."

 मधुश्रीने आपला कप बाकावर ठेवला, ती उठली, आणि खोलीकडे चालत गेली. दाराशी ती जराशी थांबली. मागे वळेल असं वाटलं, पण वळली नाही. दार तिच्यामागे सावकाश मिटलं. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. माणसं डबे, थर्मास, छत्र्या गोळा करत निघाली, पहारेकरी हातवारे करून सगळ्यांना जिन्याकडे घालवायला लागला. जिना समोरच होता. खाली उतरलं की रस्ता, बस, घर. पहारेकऱ्याने शकुनला विचारलं, "आपनार के आछे?" तुमचं कोण आहे आत? तिने बंद दाराकडे बोट दाखवलं. मधुश्री बाहेर येईल तेव्हा तिचा चेहरा कसा असेल हे तिला माहीत नव्हतं. तिने पाय जवळ घेतले, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले आणि ती बसून राहिली.